ताप आणि मेंदू (लेखांक ६) : फ्लूचे पहिले दोन दिवस

गेल्या आठवड्यात तापातल्या आकडीबद्दल लिहिताना म्हटलं होतं, की बहुतेक आकड्या काही मिनिटांत थांबतात आणि मूल थोड्या वेळाने पूर्वीसारखं हसू-बोलू लागतं. आजचा विषय त्या मुलांचा आहे, ज्यांची आकडी थांबते पण शुद्ध परत येत नाही.

फ्लू म्हणजे सर्दी-खोकल्याचा, फार तर छातीचा आजार, अशी आपली समजूत. तो मेंदूवर किती झपाट्याने घाला घालू शकतो, हे जगाला नीट समजलं ते जपानमुळे. १९९८-९९च्या हिवाळ्यात तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी देशभरातून माहिती जमवली. फ्लूमुळे मेंदूला इजा झाल्याचे १४८ रुग्ण सापडले, त्यात पाच वर्षांखालची मुलंच जास्त. सुमारे ३२ टक्के दगावले आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व आलं. बऱ्याच जणांत ताप आला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेंदूची लक्षणं दिसू लागली होती. म्हणजे ‘दोन दिवस वाट पाहू’ म्हणायलाही सवड नव्हती.

गंमत वाटावी असं नाही, पण चक्रावून टाकणारं एक निरीक्षण तेव्हापासून पुन्हापुन्हा आलं. या मुलांच्या पाठीतलं पाणी काढून तपासलं, तर त्यात विषाणू बहुधा सापडतच नाही. विषाणू असतो नाका-घशात. मेंदूचं नुकसान करतं ते शरीराचं स्वतःचं प्रत्युत्तर. प्रतिकारासाठी सोडलेली सायटोकाइन्स नावाची रसायनं बेसुमार वाढतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि सूज येते. याचं सगळ्यांत भयंकर रूप १९९५ साली मासाशी मिझुगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागातले दोन्ही थॅलॅमस, डावा नि उजवा, सारखेच खराब झालेले दिसतात. काही कुटुंबांत हा आजार पुन्हापुन्हा होतो, आणि त्यामागे ‘आरएएनबीपी२’ या जनुकातला दोष असल्याचं २००९ मध्ये कळलं. पण बहुतेक मुलं आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत असतात.

जपानी अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या घरांशी थेट संबंधित आहे. डायक्लोफिनॅक आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही तापाची औषधं घेतलेल्या मुलांत आजार अधिक गंभीर झालेला दिसला, आणि तिथे फ्लूच्या तापात मुलांना ती देणं टाळलं जाऊ लागलं. आपल्याकडे मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं सिरप आजही कित्येक घरांच्या कपाटात असतं. ताप उतरला नाही की आई-बाबा आपल्या मनाने एक चमचा देतात. मला हे थांबायला हवं असं कळकळीने वाटतं. फ्लूच्या तापात वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल द्यावं, बाकी काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ओळखायचं कसं? जपानी डॉक्टरांनी पालकांच्या तोंडून ऐकलेली लक्षणं लिहून ठेवली आहेत. मूल आईला ओळखत नाही. स्वतःचाच हात खाऊ असल्यासारखा चावतं. खोलीत हत्ती, सिंह किंवा कार्टूनमधली पात्रं दिसतात म्हणतं. कारण नसताना घाबरतं, हसतं, चिडतं. तापात मुलं बरळतात हे खरं, पण असं वागणं तासभर चाललं, मूल हाक मारूनही जागं होईना किंवा आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर सकाळ व्हायची वाट पाहू नये. रुग्णालयात लवकर पोहोचलेल्या मुलाला विषाणूरोधक औषध आणि सूज आवरणारी स्टेरॉइड्स वेळेत देता येतात.

मोठ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. २००७ साली जपानमध्ये फ्लू झालेली काही किशोरवयीन मुलं इमारतींवरून पडून मरण पावली. ओसेल्टामिव्हिर या फ्लूवरच्या विषाणूरोधक औषधावर संशय आला आणि १० ते १९ वयोगटाला ते देण्यावर सरकारने निर्बंध घातले. पुढे दिसलं, की असं भान हरपून धावत सुटणं इतर औषधं घेणाऱ्या आणि कोणतंच औषध न घेणाऱ्या मुलांतही घडतं. २०१८ मध्ये निर्बंध उठले. आता तिथे पालकांना सांगतात, की ताप आल्यापासून निदान दोन दिवस मुलाला एकटं ठेवू नका, खिडक्या-दारांच्या कड्या लावा, बाल्कनी नसलेल्या खोलीत झोपवा. पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि लस. अमेरिकेत २०२३ ते २०२५ या दोन हंगामांत त्या थॅलॅमसवाल्या आजाराचे ४१ बालरुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ३८ जणांच्या लसीकरणाची माहिती मिळाली. त्या हंगामाची फ्लूची लस फक्त सहा जणांनी घेतली होती. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून सहा महिन्यांवरच्या मुलांची लस एप्रिल-मेमध्येच टोचून घ्यावी. ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.

पुढील आठवड्यात : अ‍ॅस्पिरिन आणि राय सिंड्रोम.