पन्ना, काउंट आणि चार खरी वाक्यं

भिवंडीत विणलेलं कापड देशभर वापरलं जातं, पण वापरणाऱ्याला भिवंडीचं नाव ठाऊक असतंच असं नाही. मागावरून उतरलेलं ग्रे कापड, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड, व्यापाऱ्याकडे जातं. रंगाई-छपाई आणखी कुठे तरी होते आणि ताग्यावर शिक्का भलत्याचाच बसतो. कित्येक मागवाले तर व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर मीटरमागे ठरलेल्या मजुरीने विणतात. मालाबद्दल बोलायचं काम दलालाचं. मालकाने स्वतः चार ओळी लिहाव्यात अशी वेळ फारशी आलीच नाही.

आता ती आली आहे. 2018 साली व्हॉट्सअ‍ॅपने छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळं अ‍ॅप आणलं आणि पुढच्याच वर्षी त्यात कॅटलॉगची सोय झाली. भिवंडीतल्या पद्मानगर किंवा कामतघरचा मागवाला नागपूरच्या शिवणकारखान्याला घरबसल्या माल दाखवू शकतो. पण फोटोखाली ‘उत्तम दर्जा, वाजवी भाव’ एवढंच असेल, तर समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. तीच ओळ शेजारच्या गाळ्यालाही चालते.

त्याऐवजी असं लिहून पाहावं: ‘कोरं सुती कापड. ताणा-बाणा 30 काउंट, इंचाला 68 उभे व 64 आडवे धागे, पन्ना 63 इंच. पिशव्या आणि अस्तरासाठी योग्य. कांजी निघाल्यावर वजन थोडं घटेल. आधी नमुना मागवा.’

यात एकही विशेषण बढाईचं नाही, तरी खरेदीदाराचं काम होतं. काउंटवरून सूत किती बारीक ते कळतं, धाग्यांच्या आकड्यावरून वीण किती दाट ते कळतं आणि पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, कळला की बेतताना किती कापड वाया जाईल याचा हिशेब मांडता येतो. वजनाची ओळ तर सर्वांत मोलाची. विणण्याआधी सायझिंगमध्ये ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेली कांजी धुलाईत निघून जाते, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. नवख्या गिऱ्हाइकाला ते आधीच सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो.

महाराष्ट्रात ही रीत नवी नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला आहे, एवढं सांगून ती शंका फिटणारी नव्हती. पुढे 1920 साली त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या या पत्रात हळूहळू उद्योग आणि समाजजीवनावरचे लेख येऊ लागले. त्यातूनच मराठीतलं एक आघाडीचं मासिक उभं राहिलं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिकंही निघाली. वाचकाला उपयोगी पडणारं काही द्यायचं आणि त्याच्या सोबतीने माल ओळखीचा करायचा, हे शंकररावांना शंभर वर्षांपूर्वी साधलं होतं.

खरं लिहिण्याला कायद्याचीही बाजू आहे. पॉलिस्टरमिश्रित कापडाला ‘शुद्ध सुती’ म्हणणं ही फसवणूक. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केल्यास 50 लाखांपर्यंत.

लिहायला विषय शोधत बसावं लागत नाही. फोनवर गिऱ्हाईक जे विचारतं तेच लिहायचं: कमीत कमी किती मीटर घ्यावं लागेल, माल किती दिवसांत निघेल, वाहतूक कोणाकडे, डाग निघाला तर बदलून मिळेल का. महिनाभर असे प्रश्न वहीत टिपले, तर वारंवार येणारे चटकन दिसतात. त्यांची उत्तरं कॅटलॉगच्या पहिल्या पानावर जावीत. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू या चारही भाषा भिवंडीत बोलल्या जातात. तेव्हा ज्या गावी माल विकायचा, तिथल्या भाषेत या ओळी करून देणारं माणूस बहुधा त्याच गल्लीत सापडेल.