हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन : रचना व गुणधर्म

बेंझिनवर सूर्यप्रकाशात क्लोरिनची विक्रिया घडविली असता हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन मिळते. मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये ते प्रथम तयार केले. त्याच्या सहा कार्बन अणूंच्या वलयात प्रत्येक कार्बनास एक हायड्रोजन व एक क्लोरीन अणू जोडलेला असतो. वलय सपाट नसून खुर्चीच्या आकाराचे असल्यामुळे क्लोरीन अणू अक्षीय किंवा विषुववृत्तीय अशा दोन स्थानी राहू शकतो. म्हणूनच या संयुगाचे अनेक समघटक संभवतात.

गॅमा समघटकात लागोपाठचे तीन क्लोरीन अणू अक्षीय व उरलेले तीन विषुववृत्तीय असतात. हाच लिंडेन होय. कीटकनाशक गुण मुख्यतः याच्या ठायी असला, तरी औद्योगिक मिश्रणात त्याचे प्रमाण शेकडा १० ते १५ एवढेच असते. बीटा समघटकात सर्व क्लोरीन अणू विषुववृत्तीय असतात.

अल्कलीच्या योगाने हायड्रोजन क्लोराइड सहज निघून जाण्यास शेजारच्या कार्बनांवरील हायड्रोजन व क्लोरीन परस्परविरुद्ध दिशांस अक्षीय असावे लागतात. गॅमामध्ये अशा जोड्या आहेत. बीटामध्ये एकही नाही. त्यामुळे बीटावरील ही विक्रिया हजारो पटींनी मंद होते. प्राण्यांच्या मेदात साचून सर्वाधिक काळ टिकणारा समघटकही बीटाच होय.

शेतकऱ्यांस परिचित असलेल्या बी. एच. सी. चूर्णातून कीटकांवर फारसा परिणाम न करणारा हा घटकही शेतात पडत राहिला. भारतात त्या मिश्रणावर १९९७ मध्ये बंदी आली. २००९ मध्ये आल्फा, बीटा व लिंडेन या तिघांचा स्टॉकहोम करारात समावेश झाला. रेणुसूत्र एकच असूनही उपयोग व उपद्रव यांची अशी फारकत केवळ अणूंच्या दिशाभेदाने घडली.