विषाणूच्या प्रतींचे नियंत्रण आरएनएच्या घड्यांकडे

टोमॅटोची वाढ खुंटवून रोपाला झुडपासारखे रूप देणाऱ्या 'टोमॅटो बुशी स्टंट' विषाणूची संपूर्ण आनुवंशिक माहिती सुमारे ४,८०० घटकांच्या एकपदरी आरएनएमध्ये सामावलेली असते. त्यातून केवळ पाच प्रथिने तयार होतात. त्यामुळे नियंत्रणाचे बरेचसे काम या धाग्याला पडणाऱ्या घड्याच करतात.

पेशीतील रायबोसोम हा धागा एका टोकाकडून वाचून प्रथिने बनवतात. प्रत काढणारे विकर मात्र दुसऱ्या टोकाकडून निघते. दोन्ही कामे एकाच धाग्यावर एकाच वेळी चालल्यास टक्कर अटळ असते. धाग्याचे शेवटचे टोक आतील एका पूरक भागाशी जुळून झाकले जाते व प्रत काढण्यास आळा बसतो. पुढे पी-३३ हे विषाणूचे प्रथिन ठराविक घडीला चिकटून धाग्याला पेशीतील पेरॉक्सिझोमच्या पटलावर नेते. तेथे प्रती निघतात.

प्रयोगशाळेत पी-३३ चिकटण्याची घडी मोडली असता प्रती निघणे खुंटल्याचे आढळले आहे. विषाणूग्रस्त रोप बरे करणारे औषध शेतकऱ्यांना उपलब्ध नाही. त्यामुळेच विषाणूच्या अशा नाजूक जागांचे ज्ञान मोलाचे ठरते.