पिसांचे रंग : पळस हवा, चुना नको

हिरड्याचा काळा रंग या आठवड्यात येणार होता, तो पुढे ढकलावा लागतोय. भद्रावतीच्या आजूबाजूला पळस पेटला आहे आणि फुले मातीत मिसळायच्या आत वेचली पाहिजेत. त्यातच वरोऱ्याच्या एका वाचकाने विचारले आहे की, होळीला करतात तसा पळसाचा रंग केला, खडाभर चुना टाकून उकळला, केशरी छटा छान आली. पण पिसे वाळल्यावर राठ का झाली? मासेमारीची फ्लाय, म्हणजे पिसांची नकली माशी, बांधताना गळावर गुंडाळली की ती तुटतात.

दोष चुन्याचा.

पळसाचे पाणी मुळात पिवळे असते, क्षार पडला की गडद केशरी होते. सुती कापड हा क्षार सोसते. पीस मात्र आपल्या केसांसारखेच केराटिनचे, आणि केराटिनला घट्ट बांधणारे गंधकाचे दुवे क्षाराने तुटतात. कातडी कमावणारे याच गुणाचा उपयोग करतात: केस सुटावेत म्हणून कातडी चुन्याच्या पाण्यात मुरवतात. गांधीजींच्या काळात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले, त्या धंद्याची ही सुरुवातीची एक पायरी. जे पाणी बैलाच्या कातड्यावरचे केस सोडवते, त्यात नाजूक पीस उकळायचे नाही. धुण्याचा सोडाही नको.

मग केशरी विसरायचे आणि पिवळ्यावर समाधान मानायचे. तोही फार सुंदर येतो. पिसांना तेलकटपणा असतो, म्हणून आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवावीत. कोरड्या 50 ग्रॅम पिसांना 5 ते 7 ग्रॅम तुरटी पुरते. तुरटीच्या गरम पाण्यात ती तासभर ठेवावीत. सुकवलेली फुले पिसांच्या वजनाइतकी, हवी तर दुप्पट घेऊन उकळावीत, गाळावीत आणि पाणी थोडे निवल्यावर पिसे सोडावीत. आच मंद, पाणी वाफाळावे, खदखदू नये. भांडे स्टीलचे. लोखंडी कढईत हाच पिवळा मळकट हिरवट होतो. मुद्दाम हवा असेल तेव्हा तो फार कामाचा आहे, त्याबद्दल हिरड्यासोबत बोलू.

वाळल्यावर पिसे चोपलेली दिसली तर किटलीच्या वाफेवर धरावीत, तंतू पुन्हा फुलतात.

उन्हात पळसाचा रंग उडतो, ही तक्रार कापडवाल्यांची. फ्लाय डबीत असते, पाण्यात थोडा वेळ जाते. तिला हा दोष फारसा बाधत नाही.

पिसे कुठली? चिकनच्या दुकानातली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिच्या मानेवर लांब पिसे तयारच होत नाहीत. मऊ, फुगीर पिसे मात्र मिळतात, आणि पाण्यात हलणाऱ्या शेपटीसाठी ती उत्तम. मानेची निमुळती पिसे हवी असतील तर पूर्ण वाढलेला गावरान कोंबडाच शोधावा, शक्यतो पांढरा. जंगलातल्या रानकोंबड्याकडे बघायचेही नाही. त्याच्या मानेवरच्या चकचकीत ठिपक्यांवर इंग्लंडचे सालमन-गळवाले एकोणिसाव्या शतकात फिदा होते. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद आहे. पळसात रंगवलेले गावरान पीस त्या ठिपक्याची जागा बरीचशी भरून काढते.