तारीख विम्याची, दर्या वाऱ्याचा

मेलिसा चक्रीवादळाने 28 ऑक्टोबर 2025 रोजी जमैकाची काय दशा केली, ते आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलं. ताशी सुमारे 295 किलोमीटर वेगाचा वारा काय असतो, हे त्या उडालेल्या छपरांनी सांगितलं. बातमीत न आलेली गोष्ट अशी, की तिथून दोन हजारांवर किलोमीटर उत्तरेला, अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात, बोटवाल्यांचा दरवर्षीचा खल ऐन याच दिवसांत रंगतो. खलाचा विषय एकच: दक्षिणेला निघायचं कधी?

हे लोक म्हणजे बहुतेक निवृत्त जोडपी. घर विकून किंवा भाड्याने देऊन 35-40 फुटी शिडाच्या बोटीवर संसार थाटलेली. उन्हाळा कॅनडाच्या नाही तर न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर काढायचा आणि थंडी पडू लागली की फ्लोरिडा, बहामा गाठायचं. लोक त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. पण खऱ्या पक्ष्यांना कधी निघायचं ते उपजत कळतं. यांना पंचांग मांडावं लागतं.

पंचांगातली मेख अशी. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. जोर सप्टेंबरच्या मध्यावर, पण मेलिसासारखं एखादं वादळ ऑक्टोबरच्या अखेरीसही येतं. म्हणून लवकर दक्षिणेत जायची सोय नाही. उशीर केला, तर नोव्हेंबरभर उत्तरेकडून दर चार-सहा दिवसांनी थंड वाऱ्याचा सपाटा येतो, सूर्य पाचच्या सुमारास बुडतो आणि सकाळी दोरखंडावर दव गोठलेलं असतं. ऑक्टोबरात अॅनापोलिसला बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं. ते उरकलं की जत्रा पांगावी तशा बोटी दक्षिणेची वाट धरतात. मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर, जेमतेम सहा आठवड्यांची फट.

या फटीत तिसरा भिडू बसलेला असतो. तो म्हणजे विमा कंपनी. कित्येक पॉलिसींत स्पष्ट अट असते: अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला अमुक तारखेच्या आधी बोट नेलीत आणि वादळाने फोडली, तर भरपाई मागू नका. कुठे ही तारीख 1 नोव्हेंबर असते, कुठे थेट मोसम संपेपर्यंत. म्हणून टोलमाफी सुरू होण्याची वाट पाहणाऱ्या ट्रकसारख्या बोटी त्या अदृश्य रेषेच्या अलीकडे ताटकळतात. माझं स्पष्ट मत आहे की ही तारीख हिशेबनिसाची आहे, नावाड्याची नाही. हजारो बोटींची सरासरी काढून ती ठरवलेली असते. समुद्र मात्र सरासरीने वागत नाही.

जायला वाटा दोन. आतली वाट म्हणजे नद्या, खाड्या आणि कालवे जोडून केलेला इंट्राकोस्टल वॉटरवे. त्याचा शून्य मैल व्हर्जिनियातल्या नॉरफोकला, तिथून मायामी सुमारे 1,090 मैल. नॉरफोकच्या खाली ग्रेट डिस्मल स्वॅम्प ही दलदल लागते. तिच्यातला कालवा 1805 मध्ये खुला झाला. तो खणला गुलामांनी, हाताने. पाणी अजूनही काळ्या चहासारखं आहे. या वाटेवरच्या स्थिर पुलांची उंची साधारण 65 फूट, त्यामुळे त्याहून उंच डोलकाठीची बोट इथून जातच नाही. दिवसाला 50 मैल धरले तर कागदावर 22 दिवस. प्रत्यक्षात उघडणाऱ्या पुलाची वाट पाहणं, धुकं, गाळात रुतणं, रुसलेलं इंजिन, आणि अंधारात चालायची पंचाईत. पाच-सहा आठवडे सहज जातात.

बाहेरची वाट खुल्या समुद्रातून. ती जलद, पण तिच्यात केप हॅटरस आडवं येतं. इथे गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह तीन-चार नॉटच्या वेगाने उत्तरेला धावतो. वारा उत्तरेकडून सुटला की प्रवाह आणि वारा समोरासमोर भिडतात आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. या पट्ट्याला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणतात, ते उगीच नाही.

इथेच ‘बाउंटी’ बुडाली. 1962 च्या ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ या सिनेमासाठी बांधलेलं हे लाकडी शिडाचं जहाज. 25 ऑक्टोबर 2012 ला ते कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनहून फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला निघालं. नोव्हेंबरमध्ये तिथे कार्यक्रम ठरलेला होता. सँडी वादळाचा इशारा साऱ्या जगाला मिळालेला होता, कप्तान रॉबिन वॉलब्रिज यांनाही. 29 ऑक्टोबरला जहाज बुडालं. 16 पैकी 14 जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी उचललं. एका खलाशी महिलेचा मृत्यू झाला, कप्तान कधीच सापडले नाहीत. सरकारी चौकशीने कप्तानाच्या बेदरकार निर्णयावर ठपका ठेवला. मी त्यात कॅलेंडरलाही सहआरोपी करीन.

याउलट उदाहरण हर्ब हिलगेनबर्ग यांचं. हा गृहस्थ माझा लाडका. स्वतः वादळ अंगावर घेतलेला हौशी नाविक. बोटीचं नाव ‘साउथबाउंड टू’. 1987 पासून 2013 पर्यंत तो रेडिओवर बसून अटलांटिकमधल्या बोटींना हवामान सांगत राहिला, आधी बर्म्युडातून, पुढे कॅनडातल्या घरातून, फुकट. प्रत्येक बोट आपला ठावठिकाणा सांगे आणि हर्ब तिला वेगळं उत्तर देई. ऐकलं नाही तर झापायचाही. त्याच्या साऱ्या सल्ल्याचा गाभा बघा: सगळ्यांना एक तारीख नाही, प्रत्येकाला त्याच्या जागेचा वारा. आज हे काम पैसे घेऊन करणारे व्यावसायिक आहेत आणि फोनवर अॅपही आहेत. पण अॅप झापत नाही, हा त्याचा मोठा दोष.

आपल्याकडे हे शहाणपण नवं नाही. महाराष्ट्रातली मासेमारीबंदी कायद्याने 31 जुलैला संपते, पण जुने तांडेल नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नसत. पौर्णिमा झाली तरी आधी दर्याकडे बघायचे, मग तिथीकडे. नौदल अधिकारी दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेही उलट हिशेब करून: दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात गाठायचं, म्हणजे इथून पावसाळा पुरता सरायच्या आत सुटायचं. ते जानेवारीत हॉर्न ओलांडून गेले. तारीख ठरवायला हरकत नाही, पण ती अशी मोसमावरून ठरवावी.

तेव्हा तुमचा कुणी आप्त तिकडे बोट घेऊन निघणार असेल, तर नाताळात नक्की कधी पोहोचताय, असं विचारून त्याच्या मागे लागू नका. अनुभवी बोटवाल्यांचा एक साधा नियम आहे: पाहुण्यांना ठिकाण सांगावं किंवा तारीख, दोन्ही कधीच सांगू नये. ‘बाउंटी’ने दोन्ही सांगितलं होतं.