घोडदळासमोर फक्त सुऱ्या! गोयाच्या ‘दोन मे १८०८’ चित्रात नायक का नाही?

हातात सुरी आणि समोर नेपोलियनचे घोडदळ. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाच्या ‘दोन मे १८०८’ या चित्रात माद्रिदची साधी माणसे युरोपातल्या बलाढ्य फौजेवर तुटून पडलेली दिसतात.

त्या दिवशी काय घडले?
फ्रेंच सैन्य माद्रिदमध्ये तळ ठोकून होते. धाकट्या राजपुत्रालाही फ्रान्सला नेत असल्याचे कळताच राजवाड्यासमोर गर्दी जमली. सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि शहर पेटून उठले.

चित्रात काय दिसते?
फ्रेंच सेनेतल्या मामलुक स्वाराला घोड्यावरून खाली खेचणारे लोक, घोड्याच्या अंगात सुरी खुपसणारा माणूस आणि पायाखाली मृतदेह. ना सेनापती, ना विजयाची खूण. सगळी नुसती झटापट. लढणारी गर्दी हीच इथे नायक.

मग जिंकले कोण?
त्या दिवशी फ्रेंच. उठाव चिरडून पकडलेल्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ‘तीन मे १८०८’ या जोडचित्रात गोयाने तेच दाखवले. त्यात गोळ्या झाडणारे सैनिक पाठमोरे आहेत. चेहरे दिसतात ते मरणाऱ्यांचे.

तरीही हा दिवस महत्त्वाचा का?
माद्रिदची ठिणगी स्पेनभर पसरली. युद्ध १८१४ पर्यंत चालले. फ्रेंच गेल्यावर त्याच वर्षी गोयाने दोन्ही चित्रे रंगवली. ती आज माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहेत.

माद्रिद प्रांतात २ मे रोजी आजही सार्वजनिक सुट्टी असते. ज्या दिवशी लोक हरले, तोच दिवस तिथे साजरा होतो.