नऊ पिनांचा करार

साउंड कार्ड विकत घेणारे बरेच जण ते स्लॉटमध्ये बसवतात, ड्रायव्हर टाकतात आणि कॅबिनेटचं झाकण लावून मोकळे होतात. मग पुढच्या जॅकला हेडफोन लावला की आवाज येतो तो मदरबोर्डवरच्याच चिपमधून, आणि ज्या कार्डासाठी पैसे मोजले ते मागच्या बाजूला नुसतं बसून राहतं. पुढचे जॅक एका बारीक केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती केबल तिथून काढून हाताने कार्डावर लावावी लागते. काम दोन मिनिटांचं आहे, पण त्या केबलच्या टोकाला जो काळा प्लग असतो त्याची नीट ओळख करून घ्यावी, इतका तो विचारपूर्वक घडवलेला आहे.

पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यात आठव्या क्रमांकाची पिन मुद्दाम वगळलेली. प्लगमध्ये त्या जागचं भोक बुजवलेलं असतं, म्हणून तो उलटा बसत नाही. उरल्या नऊ. एक आणि तीन मायक्रोफोनच्या, पाच आणि नऊ हेडफोनच्या उजव्या-डाव्या कानाच्या, दोन नंबरची ग्राउंड. ही मांडणी इंटेलने ठरवून दिली. कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, कार्ड तिसऱ्याचं. या तिघांची गाठ पडते ती फक्त या नऊ पिनांवर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेलं मशीन सुरू होतं आणि पुढच्या जॅकमधून गाणं ऐकू येतं, त्यामागे हा करार असतो.

या कराराच्या दोन आवृत्त्या आहेत, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पहिली १९९७ च्या एसी ९७ या मानकाच्या काळातली. तिची युक्ती निव्वळ यांत्रिक होती. हेडफोनचा आवाज पिन पाच आणि नऊवरून पुढच्या जॅकपर्यंत जायचा. तिथे काही लावलेलं नसेल, तर जॅकमधल्या पत्र्याच्या स्विचमधून तो पिन सहा आणि दहावरून परत यायचा आणि मग मागच्या हिरव्या जॅकला मिळायचा. पुढे हेडफोन खुपसला की पत्रा उचलला जाई, परतीची वाट तुटे आणि मागचे स्पीकर बंद पडत. म्हणूनच अशा मदरबोर्डची पुढची केबल काढून कार्डाला लावली की मागचा हिरवा जॅक मुका व्हायचा. मदरबोर्ड बिघडला असं वाटायचं. खरं तर पाच-सहा आणि नऊ-दहा या जोड्यांवर दोन जम्पर टोप्या बसवल्या, की परतीची वाट पुन्हा जुळायची.

दुसरी आवृत्ती २००४ च्या एचडी ऑडिओची. हिच्यात आवाज परत आणण्याची भानगडच नाही. जॅकमध्ये एक वेगळा, आवाजाच्या तारांपासून सुटा स्विच असतो. जॅकमध्ये काही खुपसलं की तो मिटतो आणि ठरावीक किमतीचा एक रेझिस्टर मंडलात येतो. त्यासाठी किमती ठरवल्या चारच: ३९.२, २०, १० आणि ५.१ किलोओहम. प्रत्येक जवळपास आधीच्याच्या निम्मी. आपल्या जुन्या वजनांत छटाक, अदपाव, पावशेर, अर्धा शेर अशी दुपटीची चढण होती, त्यामुळे पारड्यात कोणतीही वजनं टाकली तरी बेरजेवरून ती नेमकी कोणती हे सांगता यायचं, इथेही तसंच. एकाच तारेवर चार जॅकची खबर येते, आणि कोणता भरलेला, कोणता रिकामा हे चिप मोजून ओळखते. इतक्या कमी तारांत इतकं काम करून घेणारी रचना मला फार देखणी वाटते.

इंटेलने दोन्ही आवृत्त्यांचा आकार मात्र सारखाच ठेवला, आणि हे मला पटत नाही. एसी ९७ मध्ये चौथी पिन पाच व्होल्टच्या पुरवठ्याची. एचडीमध्ये तीच पिन कॅबिनेटच्या बाजूने ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे ‘पुढे एचडीचं पॅनेल आहे’ असा निरोप मदरबोर्डला मिळतो. एचडीचा प्लग जुन्या कार्डावर लावला तर पुरवठा थेट ग्राउंडला भिडण्याचा धोका असू शकतो. उलट, जुन्या कॅबिनेटचा प्लग नव्या कार्डावर लावला तर नुकसान सहसा होत नाही, पण हेडफोन लागल्याची खबर चिपला कधीच मिळत नाही. अशा वेळी ड्रायव्हरमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी. मधल्या काळातल्या कॅबिनेटांत एकाच केबलला दोन्ही नावांचे दोन प्लग असत. त्यातला एकच लावायचा, दुसरा मोकळा सोडायचा.

कार्डवाल्यांनी हा करार उशिरा मानला. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आणलं. पुढे साउंड ब्लास्टर लाइव्हच्या वेळी पुढे जॅक हवे असतील तर लाइव्ह ड्राइव्ह नावाचा त्यांचाच खोका सीडी ड्राइव्हच्या जागेत बसवावा लागे. नंतर असूसची झोनार मालिका आली, क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर झेड आलं, आणि कॅबिनेटची साधी केबल कार्डावर थेट बसू लागली.

केबल हलवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. कार्डावरच्या पिना कुठे आहेत ते आधी पाहावं, कारण केबल मदरबोर्डच्या खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पुरेल अशा बेताने कापलेली असते. ताणून बसवू नये, एक्स्टेन्शन मिळतं. दुसरं, तिची वाट ग्राफिक्स कार्डापासून दूर ठेवावी. तिथे वीज झपाझप कमीजास्त होते आणि शील्ड नसलेल्या तारांमध्ये त्याची किरकिर उतरते. स्वस्त कॅबिनेटच्या पुढच्या पट्टीवर यूएसबी आणि ऑडिओचं ग्राउंड एकत्र केलेलं असतं. तिथे माउस हलवला तरी हेडफोनमध्ये खरखर ऐकू येऊ शकते, आणि कितीही महागडं कार्ड घेतलं तरी ती जात नाही.

मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये कार्ड मुख्य उपकरण म्हणून निवडावं. मदरबोर्डचा आवाज लागणारच नसेल तर तो बायोसमधून बंद करावा. आणि कार्ड घेण्याआधी त्याच्या माहितीपुस्तिकेत पिनांची आकृती शोधा. पुढच्या पॅनेलसाठी दहाच्या जागेत नऊ पिना दाखवलेल्या नसतील, आणि तुम्ही हेडफोन पुढेच लावणार असाल, तर ते कार्ड घेऊ नका.